अक्कांचं धुकं

"उभ्यानं बघू नगा. खालनं चालत या."

दुकानात पाऊल टाकून दोन मिनिटंही झाली नव्हती आणि बाई मला चित्र कसं बघायचं ते शिकवत होत्या. मला, म्हणजे कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळ बावीस वर्षं फ्रेमा करणाऱ्या विलास सुतारला. देवांपासून पहिलवानांपर्यंत सगळ्यांना मी काचेत बसवलंय. चित्र बघायचं म्हणजे लांबी किती, रुंदी किती आणि पट्टी कुठली शोभेल, एवढंच मला ठाऊक होतं आणि तेवढ्यावर माझं उत्तम चाललं होतं. बाई साठीच्या आसपास, ठेंगण्या. सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला. रिक्षातून उतरताना त्यांनी खांद्यावरची गुंडाळी रिक्षावाल्याला हातसुद्धा लावू दिली नव्हती. ती त्यांनी माझ्या टेबलावर उलगडली.

आत चित्र म्हणावं असं काही नव्हतं. निळसर काळे जाड फटकारे होते, कुठं दाट, कुठं विरलेले, आणि मध्ये कोरी जागा. "उलटं तर धरलं नाही ना?" असं मी विचारलं. त्यावर त्यांनी माझं बोट धरलं आणि चित्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावर टेकवलं. "हितनं चढा. हां, आता हितं वळण हाय. दमानं. हितं जरा बसा, वारं लागू द्या." मी बोट सरकवत राहिलो. एक काळा फटकारा अंगावर आल्यासारखा वाटला, तो चुकवून मी वर गेलो आणि एकदम कोऱ्या जागेत पोचलो. तिथं पोचल्यावर मी श्वास सोडला. इतका वेळ मी तो धरून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं.

"काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

"दिसलं काय न्हाय. पण दम लागला."

"मग बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "बारीक काळी पट्टी लावा. नक्षी नगं."

ही आमची पहिली भेट. त्यांचं नाव रत्नमाला कांबळे, पण गाव नेसरी, आणि गडहिंग्लजच्या त्या पट्ट्यात कानडी वारा असल्यामुळे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. धाकट्या भावाची हाक सगळ्या गावानं उचलली, मग शाळेनं उचलली आणि शेवटी मीही. आता त्या नेसरीला त्याच भावाकडे राहतात. कोल्हापुरात त्यांना ओळखणारी माणसं फार नाहीत, म्हणून हे लिहायला बसलो.

त्यांचे वडील ट्रकच्या बॉडीवर नावं आणि नंबर रंगवायचे. गावातल्या बुद्धविहाराच्या भिंतीवरची अक्षरंही त्यांच्याच हातची. पोर लहानपणापासून तेलरंगाच्या वासात वाढली. पुढे मलकापूरच्या हायस्कुलात चित्रकलेच्या बाई म्हणून लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिली. मलकापूर रत्नागिरीच्या रस्त्यावर. तिथून पुढं गेलं की अंबा घाट. रविवार आला की अक्का एसटीत बसून घाटात जायच्या, कशाला तर धुकं बघायला. "धुक्यात डोंगराचं डोस्कं दिसतंय, पाय दिसत्यात, मधलं पोट दिसत न्हाय," त्या सांगायच्या. "मग ते डोस्कं धरलंय कुणी? मी त्येच्याच मागं लागले की."

शाळेत पोरांना जास्वंद आणि मडकं शिकवायचं आणि रविवारी डोंगराच्या पोटाचा शोध घ्यायचा, असं चाललं होतं. एके दिवशी रद्दीच्या दुकानात त्यांना एक जाडजूड पुस्तक मिळालं. चिनी निसर्गचित्रांचं. मजकूर सगळा चिनी, एक अक्षर कळायची सोय नाही. पण चित्रं उघडली आणि अक्का तिथंच गोणपाटावर बसल्या. "पुस्तक चीनचं, पण घाट माझा हुता. तसाच, बिनपोटाचा." हे सांगताना त्यांचा आवाज इतका चढायचा की माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायचं.

त्या पुस्तकातून त्या दोन गोष्टी शिकल्या. एक म्हणजे डोंगर. दुसरी म्हणजे अक्षरं. पुस्तकाच्या एका पानावर दहाबारा अक्षरांची एक उभी ओळ होती, ती त्यांना इतकी आवडली की रोज सकाळी चहाच्या आधी ती गिरवायची, असा नेमच झाला. आधी शाईनं कागदावर. पण आपल्याकडच्या कागदावर ती शाई फुटायची, पसरायची, आणि अक्कांचं डोकं फिरायचं. मग त्या वडिलांच्या रंगाकडे वळल्या. धनगराकडून शेळीचे केस आणले, बांबूला बांधून हाताएवढा रुंद ब्रश केला, तेलरंगात टर्पेंटाइन ओतून तो ताकासारखा पातळ केला आणि कॅनव्हास जमिनीवर अंथरला. "शाई मुरत्या. तेल वर ऱ्हातंय, ऐटीत. मला तेलाला मुरायला शिकवायचं हुतं."

त्या ओळीचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. माझा भाचा प्रसाद डॉक्टरकी शिकायला चीनला होता. तो परत आला तेव्हा मी त्याला मोठ्या तोऱ्यात अक्कांकडे घेऊन गेलो. म्हटलं, आता वीस वर्षांचं कोडं सुटणार, एखाद्या ऋषीचं वचन निघणार. प्रसादनं अक्कांनी त्या सकाळी भिंतीवर रंगवलेली ओळ वाचली, माझ्याकडे बघितलं, परत वाचली आणि कानापर्यंत लाल झाला. "अक्का, यात लिहिलंय, पुस्तक कोरड्या जागी ठेवा, ओल लागू देऊ नका." मला धरणी दुभंगावी असं झालं. अक्कांनी भिंतीकडे एकदा बघितलं. मग हसायला लागल्या, त्या इतक्या की भिंतीला धरून खाली बसल्या. "वीस वरसं मी लिवतीया ओल लागू दिऊ नगा, आन ह्या घरात पावसुळाभर भितीला बुरशी हाय." डोळे पुसून त्यांनी प्रसादला विचारलं, "पर रेघ बरी हाय का?" प्रसाद म्हणाला, तिकडच्या म्हाताऱ्यांसारखी आहे. "मग झालं. अर्थ कळला म्हणून रेघ वाईट हुत्या व्हय?" दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी तीच ओळ परत भिंतीवर.

निवृत्तीनंतर कोल्हापुरात मंगळवार पेठेत त्यांनी घर घेतलं होतं ते तालमीच्या शेजारी. लोक तालमीच्या दणक्याला कंटाळतात, अक्का खिडकीत खुर्ची टाकून बसायच्या. पकड घेताना पहिलवान कुठून जोर काढतो, हे त्या निरखायच्या. "जोर मनगटात नसतोय, विलासराव. टाचंत असतोय. तिथनं निघतोय आन हातात नुसता पोचतोय." म्हणून रेघ मारायच्या आधी त्या चपला काढून टाचा फरशीवर दाबायच्या आणि मग कॅनव्हासच्या कडेनं चालत चालत ब्रश न्यायच्या. एक फटकारा म्हणजे चारपाच पावलं. त्यावर पुन्हा हात फिरवायचा नाही, हा कायदा. तेलरंगात दुरुस्तीला चिक्कार सवड असते, आठवडाभर पुसा नाहीतर लिंपा. अक्कांना तेच खुपायचं. "तेलरंग माणसाला लाडावून ठेवतोय. उद्या बघू म्हंतोय. मी त्येला उद्या देतच न्हाय." एक रेघ चुकली तर पुट्टी लावायच्या पत्र्यानं अख्खा कॅनव्हास खरवडून टाकायच्या. चार महिन्यांत एक चित्र टिकलं तर त्या वर्षी सुगी.

हे सगळं ऐकून मी पुरता वेडा झालो होतो. गणपतीच्या तसबिरी करता करता गिऱ्हाइकांना चिनी डोंगर समजावून सांगायला लागलो. बायको म्हणाली, तुम्हाला भूत लागलंय. प्रदर्शन भरवायचं डोक्यात घेतलं तेही मीच. अक्का नको म्हणत होत्या. "हितली माणसं चित्रात गाय हुडकत्यात. गाय न्हाय म्हटल्यावर मला हुडकतील." शेवटी मी त्यांना न विचारता दसरा चौकाजवळच्या दालनाची तारीख धरून टाकली आणि मग सांगितलं. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मग घाट पायजे. घाट आला तरच येते. न्हायतर दार उघडायचं न्हाय."

घाट म्हणजे अंबा घाटाचं चित्र. मलकापूर सोडल्यापासून त्या तेच काढायच्या मागे होत्या आणि तेच त्यांना साधत नव्हतं. साडेसात फूट उंच, तीन फूट रुंद. आठ महिने त्यांनी काढलं आणि खरवडलं. एका सकाळी फोन आला. "विलासराव, आला घाट." एवढंच. मी दुकानाचं शटर अर्धवट सोडून पळालो, तर त्यांनी दारातूनच परत पाठवलं. वाळेपर्यंत कुणी बघायचं नाही.

प्रदर्शनाला पाच दिवस राहिले तेव्हा त्यांनी गुंडाळी माझ्या हातात दिली. भावाच्या घरी काहीतरी काम होतं, त्या नेसरीला निघाल्या होत्या. "बुधवारी येते. ताणून ठेवा." मी दुकानात येऊन गुंडाळी उघडली, खालून चालत वर गेलो आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. दरी, दरीतून वर येणारी वाट, काळा कडा. आणि त्याच्या वर अडीच फूट नुसता पांढरा कॅनव्हास.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. चित्रकार कॅनव्हासच्या चारी कडांना मोकळी जागा सोडतात, लाकडी चौकटीवर मागं दुमडायला. कुणी तीन बोटं सोडतं, कुणी वीतभर. आमचा हात ती जागा आपोआप ओळखतो. रंग संपला की चित्र संपलं, तिथं चौकट. अक्कांनी मोजायचा कंटाळा केला आणि वर जास्तीचं सोडलं, असं मी धरलं. पाच फुटांची चौकट केली, कॅनव्हास ढोलकीसारखा ताणला आणि वरचं पांढरं ब्लेडनं सरळ कापून काढलं. काम इतकं सुबक झालं की मी दोनदा लांब जाऊन बघितलं. कापलेला तुकडा वाया कशाला घालवायचा, म्हणून एका लग्नाच्या फोटोला मागून चिकटवला. फोटो संध्याकाळी वारणानगरला रवाना झाला.

बुधवारी अक्का आल्या. मी चित्रावरचं कापड ओढलं आणि उभा राहिलो, शाबासकीची वाट बघत.

त्यांनी चपला काढल्या. खालून चढायला लागल्या. कड्यापर्यंत आल्या आणि त्यांची मान वर जायची तिथं अडली. चौकटीच्या वर माझ्या दुकानाची भिंत होती.

"वरलं कुठं गेलं?"

"वर काय नव्हतं की, अक्का. कोरं हुतं."

त्या स्टुलावर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. कोल्हापुरात ओरडण्याला कुणी भीत नाही. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कोरं मी ठेवलं हुतं. डोंगर काय, कुणी बी काढतंय. आठ म्हैने मी ते वरलंच काढत हुते."

तेव्हा कुठे मला उमगलं की मी काय कापलं. ज्या धुक्यासाठी बाईनं आयुष्यातले रविवार घाटात घालवले, ते मी ब्लेडनं काढून कुणा नवरा-नवरीच्या पाठीला डकवलं होतं. मी बडबडायला लागलो. वारणानगरला जातो, तुकडा सोडवून आणतो, मागून जोडतो, सांधा दिसणार नाही. "ते काय फाटकं लुगडं हाय?" एवढंच त्या म्हणाल्या आणि चपला घालून निघून गेल्या. त्या दिवशी मी डबा न उघडता तसाच घरी नेला. माझ्या हातानं मी एका माणसाचं सगळ्यात मोठं काम मारलं होतं आणि वर त्या माणसाच्या प्रदर्शनाच्या पत्रिका गावभर वाटून बसलो होतो.

गुरुवारी सकाळी साडेसहाला फोन. "कॅनव्हास घिऊन या. लांब आणा. आन न्याहारी करून या, उपाशी माणसाला थांबायचं कळत न्हाय."

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना चित्र काढताना पाहिलं. दुपारपर्यंत एक झालं, ते त्यांनी खरवडलं. चार वाजता दुसरं झालं, तेही खरवडलं. मला दोन्ही उत्तम वाटली होती, पण बोलायचा माझा हक्क मी ब्लेडनंच कापून टाकला होता. शुक्रवारी सकाळी परत पोचलो तेव्हा त्या कॅनव्हासच्या पायथ्याशी बसून होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उद्‌घाटन.

"माझी खोड कळली," त्या म्हणाल्या. "मला पयला घाट आठवतोय. तिथं थांबले हुते, म्हणून मी तिथंच थांबतीया. ठरवून आणलेलं धुकं म्हंजे चुना." मग माझ्याकडे वळल्या. "आज मी थांबणार न्हाय. मी वर चालत ऱ्हाणार. कुठं थांबायचं ते तुम्ही म्हणायचं."

"मी?" माझा आवाज चिरकला. "ज्यानं कापलं त्यो?"

"दुसऱ्या कुणाला इतकं झोंबलंय?"

त्यांनी चपला काढल्या. टाचा दाबल्या. ब्रश बादलीत बुडवून निथळला. शेजारच्या तालमीत शड्डू ठोकल्याचा आवाज आला आणि त्याच क्षणी पहिली रेघ सुटली. दरी झाली. एक पाऊल, दोन पावलं, वाट वळली. रंग दाट होता तो विरत गेला, परत ब्रश बुडाला, कडा उभा राहिला. मी कॅनव्हासच्या दुसऱ्या बाजूनं त्यांच्याबरोबर वर चाललो होतो, मुठी आवळून. आता म्हणू? नको, अजून कडा चढायचाय. आता? जुन्या चित्राची जागा आली आणि गेली की नाही तेही मला कळेना, कारण मी मापं विसरलो होतो. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांना फूटपट्टी नव्हती. कड्याच्या टोकावरून ब्रश किंचित वर झुकला, पुढचं पांढरं समोर पसरलेलं दिसलं, आणि त्यात आता काहीही घातलं तर ते जाईल, हे मला माझ्या पोटात कळलं.

"बास," मी म्हणालो.

ब्रश वर गेला. त्याच्या टोकाला थेंब धरला होता, तो अक्कांनी दुसऱ्या हाताच्या तळव्यावर झेलला. खोलीत टर्पेंटाइनच्या वासाशिवाय काही नव्हतं. त्या पायथ्याशी परत गेल्या, खालून चढत आल्या, कड्यापाशी थांबल्या आणि मग वरच्या कोऱ्यात हळूहळू चालत गेल्या. नंतर मी टेप लावली तेव्हा ते साडेतीन फूट भरलं. जुन्या चित्रापेक्षा फूटभर जास्त.

"माझ्यापेक्षा आधी थांबलासा," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. माझे तर वाहतच होते, आणि सांगायला मला लाज नाही.

मग त्यांनी तांबड्या रंगाची नळी उघडली आणि खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "अंगठा लावा."

"अक्का, मी शिकलेला माणूस. सही करतो की."

"प्रसाद सांगत हुता, चिनी चित्रावर काढणाऱ्याचा शिक्का असतोय, आन ज्यानं मन लावून बघितलं त्येचा बी असतोय. तुमच्याकडं शिक्का हाय का? न्हाय न्हवं? मग लावा अंगठा."

मी लावला. ओलं चित्र चौकटीवर ताणायला मला दुपारपासून दिवेलागणीपर्यंत वेळ लागला. सगळ्या बाजूंनी चार बोटं कॅनव्हास मागे दुमडला आणि ब्लेड दुकानातच ठेवून आलो होतो.

शनिवारी दालनात मी धरली होती त्यापेक्षा बरीच जास्त माणसं आली. ओल्या तेलाचा वास दारापर्यंत येत होता. तालमीतले दोन पहिलवान आले, त्यांनी बोट न लावता चित्र चढून दाखवलं आणि वर पोचल्यावर दोघांनीही श्वास सोडला. अक्का नव्या इस्त्रीच्या साडीत कोपऱ्यात उभ्या होत्या आणि प्रत्येकाला सांगत होत्या, "उभ्यानं बघू नगा." मी मात्र भिंतीला टेकून, उजवा हात खिशात घालून उभा. टर्पेंटाइननं दोनदा घासूनही अंगठ्याच्या रेघांतला आणि नखाच्या कडेचा तांबडा गेला नव्हता.

एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ घाटासमोर होते. शेवटी त्यांनी खालच्या कोपऱ्यातल्या तांबड्या ठिपक्यावर चष्मा नेला. "बाई, बाकी सगळं पोचलं. पर हे काय हाय? सूर्य म्हणावा तर एवढ्या खाली कसा?"

अक्कांनी मान वळवून मला शोधलं. "त्येंनाच इचारा," त्या म्हणाल्या.

मी खिशातून हात बाहेर काढला.